उषाचा शतांश सेकंद आणि तुमच्या लेकीचे हर्डल्स

प्रश्न कागल तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी आठवीत आहे, १०० आणि २०० मीटरमध्ये जिल्ह्यापर्यंत पोचली आहे. शाळेतले क्रीडाशिक्षक म्हणतात, ‘हिला हर्डल्सला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला घाला, तिथं गर्दी कमी, नंबर लवकर लागतो.’ पी. टी. उषा आधी स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराची वेगवान धावपटू होती आणि मग हर्डलर झाली, हे वडिलांनी वाचलंय. म्हणून ते विचारतात: उषाच्या वाटेनं जायचं तर आत्ताच स्प्रिंट सोडून हर्डल्स धरायचे का? आणि तिचं ऑलिंपिक पदक नेमकं हुकलं कशानं?

कोल्हापुरात पोरींना पळायला शिकवण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. हर्डल्स शिकवा, उद्यापासून शिकवा. पण स्प्रिंट सोडू नका. आणि ‘गर्दी कमी’ हे कारण असेल तर मग राहूच द्या. तालुक्याला गर्दी कमी असते. राज्याला गेलात की आठही लेनमध्ये तयारीच्या पोरी उभ्या असतात.

आता उषाकडे येतो. तिची गोष्ट आपल्याकडे एका शतांश सेकंदात उरकतात. लॉस एंजेलिस, १९८४, चौथा नंबर, हळहळ, संपलं. पण त्या शतांशाच्या अलीकडे आठ वर्षं आहेत आणि पलीकडे सोळा. तुमच्या लेकीच्या कामाचं जे काही आहे ते तिथं आहे.

उषाचा जन्म २७ जून १९६४चा, केरळातल्या कोझिकोड जिल्ह्यातला. वाढली पय्योलीत, म्हणून पुढं ‘पय्योली एक्स्प्रेस’. १९७६ साली केरळ सरकारनं मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला आणि बाराव्या वर्षी ती कण्णूरला दाखल झाली. तिथं तिला ओ. एम. नंबियार भेटले. हवाई दलात नोकरी केलेला, स्वतः पळलेला माणूस. तिचा सडसडीत बांधा आणि झपझप चालणं पहिल्यांदा नजरेत भरलं, असं त्यांनी पुढं सांगितलं होतं. हे वाक्य मी आमच्याकडच्या नव्या प्रशिक्षकांना मुद्दाम ऐकवतो. बारा-तेरा वर्षांच्या पोरींत स्टॉपवॉच घेऊन बसलात तर ते फक्त एवढंच सांगतं, की कोण आधी वयात आली. जी पोरगी सहावीत सगळ्यांना मागं टाकते ती दहावीत दिसेनाशी होते, ही गोष्ट प्रत्येक तालुक्यात घडते. नंबियारांनी वेळ बघितली नाही, चाल बघितली.

आणि मग घाई केली नाही. क्रम नीट बघा. सोळाव्या वर्षी, १९८०ला, मॉस्को ऑलिंपिकमध्ये ती १०० मीटर पळाली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २००, दोन्हींत रौप्य. १९८३ला कुवेतच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण. आणि ४०० मीटर हर्डल्स? ते आले १९८४च्या तोंडावर, म्हणजे नंबियारांच्या हाताखाली आठ वर्षं काढल्यावर. आधी वेग, मग तो वेग लांबवर टिकवणं, आणि शेवटी त्यावर दहा अडथळे. आपल्याकडं बरोबर उलटं चालतं. पोरगी १००ला हरली की २००ला घालतात, तिथं हरली की हर्डल्सला, तिथंही जमलं नाही की चालण्याच्या शर्यतीला.

हर्डल्सच का, तर १९८४ला बायकांची ४०० मीटर हर्डल्स पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आली. नवा प्रकार, जगभरात मुरलेल्या पोरी कमी. भारतात मात्र ही वाट उषानं पाडलेली नाही, हेही सांगायला हवं. एम. डी. वलसम्मानं १९८२लाच दिल्लीत या प्रकारात एशियाडचं सुवर्ण घेतलं होतं. उषाकडं वलसम्मापेक्षा सपाट पळण्याचा वेग जास्त होता, पण अडथळ्यांवरच्या शर्यतींचा अनुभव अगदी थोडा. इथंच गोम आहे.

लॉस एंजेलिसला उपांत्य फेरीत ती ५५.५४ सेकंद पळाली. अंतिम शर्यत ८ ऑगस्टला. पहिल्यांदा सुटताना उषा ब्लॉकमधून झकास निघाली होती, पण दुसऱ्या एका धावपटूचा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे ती बंदुकीआधीच सुटली, आणि सगळ्यांना परत बोलावलं. दुसऱ्यांदा बंदूक वाजली तेव्हा ती पहिली लय राहिली नव्हती. निकाल असा लागला: मोरोक्कोची नवल अल मुतवकिल ५४.६१, अमेरिकेची ज्युडी ब्राउन ५५.२०, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, आणि उषा ५५.४२.

मी पोरींना हे गणित फळ्यावर करायला लावतो. ४०० मीटरला ५५.४२ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वासात मीटर. शतांश सेकंदात सात सेंटिमीटर. हाताची चार बोटं जोडून धरा, तेवढं. रेषेवर छाती वेळेत पुढं झोकली असती तर, असं लोक म्हणतात. बरोबरच आहे. पण पोरीला तेवढंच सांगितलं तर ती रोज फक्त छाती झोकण्याचा सराव करत बसेल. चार बोटं रेषेवर हुकली हे खरं, तरी ती आधी चारशे मीटरभर थोडी थोडी गळत आलेली होती.

कशी, ते सांगतो. बायकांच्या ४०० मीटरमध्ये दहा हर्डल्स असतात, उंची ७६.२ सेंटिमीटर. पहिला ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक, आणि शेवटच्या हर्डलपासून रेषेपर्यंत ४० मीटर. धावपटू हर्डलच्या सुमारे दोन मीटर अलीकडून उडते आणि सुमारे एक मीटर पलीकडं उतरते. म्हणजे दोन हर्डल्सच्या मध्ये खरं पळायला उरतात बत्तीस मीटर. ते पंधरा पावलांत काढायचे तर पाऊल दोन मीटर तेरा सेंटिमीटरचं लागतं. सतरा पावलांत काढायचे तर एक मीटर अठ्ठ्याऐंशीचं. पहिल्या पाच हर्डल्सना पंधरा पावलं बसतात. मग पाय जड होतात, पाऊल आखडतं आणि पंधरात हर्डल गाठता येत नाही. अशा वेळी नवशिकी पोरगी काय करते? हर्डलजवळ येऊन बारीक बारीक पावलं टाकते, अडखळते, उडी मारते. एकेका हर्डलला दोन-चार शतांश तिथंच सांडतात. मुरलेली पोरगी सोळा पावलांवर येते आणि दुसऱ्या पायानं हर्डल घेते, किंवा थेट सतरावर जाते. कुठल्या हर्डलला बदलायचं हे तिचं आधीच ठरलेलं असतं. हे ठरायला भरपूर शर्यती लागतात. सरावात ते कळत नाही, कारण सरावात तितकं कुणी दमत नाही आणि शेजारच्या लेनमध्ये ज्युडी ब्राउन नसते.

उषाचा सपाट ४०० मीटरचा सर्वोत्तम वेळ ५१.६१, तो पुढच्या वर्षी, १९८५ला, कॅनबेरात नोंदला गेला. हर्डल्सचा ५५.४२. फरक पावणेचार सेकंदांहून जास्त. पायात तंत्र पक्कं बसलेल्या धावपटूंचा हा फरक साधारण दोन-तीन सेकंदांवर येतो. म्हणजे तिच्या पायांत पदकापुरता वेग होता. अडथळ्यांवरच्या शर्यतींचा अनुभव कमी पडला. माझ्या मते चार बोटांचं उत्तर हे आहे. नशिबाचा वाटा मी नाकारत नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी होता. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीनं त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळं तिथल्या तगड्या हर्डलर आल्याच नाहीत. सोव्हिएत गोटातल्या देशांपैकी बहिष्कार झुगारून आला तो रुमानिया, आणि कांस्य नेलं ते नेमकं रुमानियाच्याच पोरीनं!

जेवणाचं एक सांगायलाच हवं. उषानं पुढं मुलाखतीत सांगितलं, की तिथं तिला जमेल असं जेवण मिळालं नाही, भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, आणि शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये ताकद टिकली नाही. म्हणजे दहावा हर्डल ओलांडल्यावर, रेषेकडं पळताना.

आता पलीकडची सोळा वर्षं. वर्षभरात, १९८५ला, जकार्तात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. उषानं १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ बाय ४०० रिले अशी पाच सुवर्णं घेतली, वर ४ बाय १०० रिलेचं कांस्य. एकाच स्पर्धेत १०० मीटरपासून हर्डल्सपर्यंत सगळं! हे कसं जमतं ते बघायचं तर एकेका प्रकाराच्या पात्रता फेऱ्या मोजा. अंतिम शर्यत हा त्यातला छोटा भाग. मग १९८६चं सोल एशियाड: २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ बाय ४०० रिले अशी चार सुवर्णं, १०० मीटरला फिलिपिन्सच्या लिडिया डी वेगाच्या मागं रौप्य. त्या एशियाडमध्ये भारताला एकूण सुवर्णं मिळाली पाच. चारांत उषा होती आणि पाचवं कुस्तीत कर्तारसिंगचं. कोल्हापूरकरांना दुसरं नाव सांगावं लागत नाही, पण पहिली चार कुणाची हे विचारलं तर तालमीतली पोरं गप्प होतात.

तालमीचा विषय निघालाच आहे तर, नंबियार आणि उषा म्हणजे वस्ताद आणि पठ्ठा. बाराव्या वर्षी ज्याच्या हाती दिली त्याच्याच हाती ती मोठी झाली. १९८५ला द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच यादीत नंबियार होते, आणि त्यांच्याबरोबर कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. नंबियारांना पद्मश्री मिळाली ती २०२१ला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. आपल्याकडं पालक दर वर्षी प्रशिक्षक बदलतात. या वर्षी नंबर आला नाही, चला दुसरीकडं. एका पोरीची लीड लेग, म्हणजे हर्डलवरून आधी जाणारा पाय, कुठली, हे कळेपर्यंत ती तिसऱ्या माणसाकडं पोचलेली असते.

चौथा नंबर लागला म्हणजे सगळं संपलं, असं आपल्या जिल्ह्यानं तरी म्हणू नये. राधानगरीच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२२ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा, २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये पुन्हा चौथा, आणि २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य. राजाराम कॉलेजात शिकलेले पैलवान खाशाबा जाधव १९४८ला लंडनला सहावे होते, १९५२ला हेलसिंकीत कांस्य.

१९८८चं सोल ऑलिंपिक मात्र वाईट गेलं. टाचेची दुखापत होती, पहिल्या फेरीतच बाहेर पडली, आणि ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच टीका केली. त्याच्या पुढच्या वर्षी दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत तिनं चार सुवर्णं घेतली, ती मात्र कुणाला आठवत नाहीत. १९९१ला लग्न, मग मुलगा, आणि १९९८ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जपानात फुकुओकाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४ बाय १०० रिलेचं सुवर्ण, ४ बाय ४००चं रौप्य, २०० आणि ४००ला कांस्य. २०००ला थांबली. आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत एकूण २३ पदकं, त्यांत १४ सुवर्णं. एशियाडमध्ये ११, त्यांत ४ सुवर्णं. ‘लग्नानंतर पोरींचं पळणं संपतं’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना १९९८चा हा निकाल वाचायला द्या. पुढं तिनं केरळात स्वतःची अॅथलेटिक्स शाळा काढली. तिथली टिंटू लुका २०१०ला ८०० मीटर १ मिनिट ५९.१७ सेकंदांत पळाली आणि राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ला राज्यसभा आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचं अध्यक्षपद. तो भाग वेगळ्या मैदानाचा, त्यावर मी बोलत नाही.

आता तुमची लेक.

तेराव्या वर्षी हर्डल्स शिकवायला मी एवढ्यासाठी सांगतो, की दोन्ही पायांनी अडथळा घ्यायची सवय याच वयात लागते. सोळा पावलांची गोष्ट वर सांगितली. पावलं सम झाली की पाय बदलतो. जी पोरगी फक्त उजवा पाय पुढं टाकून शिकली, ती ऐन वेळी डाव्यानं घेऊच शकत नाही. शिवाय ४००ला निम्मे हर्डल्स वळणावर येतात. वळणावर डावा पाय पुढं असलेला बरा. लेनच्या आतल्या कडेनं पळता येतं आणि मागून येणारा पाय हर्डलच्या बाजूनं खालून जायची भीती राहत नाही. तसा गेला तर पंच बाद करतात. अठराव्या वर्षी हे शिकवायला गेलं की पोरगी हर्डलसमोर येऊन थबकते. ते थबकणं पायातून घालवायला वर्ष जातं.

पण शिकवणं वेगळं आणि स्पर्धेत त्यातच अडकवणं वेगळं. स्पर्धेला तिला १०० आणि २०० पळू द्या, आणि वयोगटाला जे हर्डल्स असतील ते एक. शालेय स्पर्धांत लहान गटाला उंची आणि अंतर कमी असतं, ते बरोबरच आहे. मोठ्या गटाच्या उंचीवर आत्ता चढवू नका. ४०० हर्डल्सचं नाव दहावी-अकरावीपर्यंत काढायचं नाही.

आमच्याकडं सुरुवात कशी होते ते सांगतो, म्हणजे शाळेत काय चाललंय ते तुम्हाला ताडून बघता येईल. पहिले काही आठवडे हर्डल नसतोच. जमिनीवर चुन्याच्या रेघा किंवा बांबूच्या कामट्या, घोट्याच्या उंचीच्या आत. त्यावरून नुसतं पळायचं. उडी मारायची नाही. पोरगी उडी मारते की ओलांडते हे कानानं कळतं: उडी मारली तर उतरताना धप्प आवाज येतो, ओलांडलं तर पाऊल बाकीच्या पावलांसारखंच वाजतं. मग भिंत. भिंतीला दोन्ही हात टेकून शेजारी हर्डल लावायचा आणि मागचा पाय, ज्याला आम्ही ट्रेल लेग म्हणतो, तो बाजूनं वर घेऊन गुडघा काखेपर्यंत आणायचा आणि सरळ पुढं टाकायचा. चवडा बाहेर वळलेला हवा, नाहीतर हर्डलला लागतो. हे इतकं कंटाळवाणं काम आहे, की निम्म्या पोरी इथंच गळतात. ज्या टिकतात त्यांचे हर्डल्स पुढं आपोआप सुधारतात. हर्डल्सचा दुसरा प्रकार १०० मीटरचा, त्याबद्दलही सांगतो: त्यात अनुराधा बिस्वालचा २००२चा १३.३८चा राष्ट्रीय विक्रम वीस वर्षं टिकला, आणि मग ज्योती याराजीनं २०२२ला तो मोडून त्याच वर्षी तेरा सेकंदांच्या आत मजल मारली. तो प्रकार वेगळा आहे. तिथं हर्डल ८३.८ सेंटिमीटरचा, मधलं अंतर साडेआठ मीटर, आणि मध्ये तीनच पावलं. तुमची लेक कुठल्या प्रकाराची हे तिची उंची आणि पावलाची लांबी दोन-तीन वर्षांनी सांगेल.

पळण्याच्या जागेबद्दल. रंकाळ्याच्या कडेनं डांबरावर किंवा फरशीवर पळवू नका, नडग्या धरतात. उषा पय्योलीच्या वाळूत सराव करायची. आपल्याकडं वाळू नाही, पण पाणंद आहे, मऊ मातीचा चढ आहे. आठवड्यातून एकदा छोटा चढ, पन्नास-साठ मीटरचा, पूर्ण विश्रांती घेत. रोज नको. पावसाळ्यात मात्र चिखलात हर्डल लावायचाच नाही. आपल्या तालुक्याच्या स्पर्धा पावसातच येतात, म्हणून शाळा घाईनं ओल्या मैदानावर सराव घेतात आणि पोरगी एकदा घसरली की तिच्या मनात हर्डलची भीती बसते. त्या महिन्यांत शाळेच्या शेडमध्ये भिंतीचं काम करा.

खाण्याला पैसे घालायचे तर डब्यातल्या पावडरीत घालू नका. दोन भाकऱ्या, आमटी, अंडी, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाचं एवढं नाव आहे तर घरच्या म्हशीचं दूध पोरीला आधी द्या. पाळी सुरू झाली असेल किंवा होणार असेल, तर वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. या वयात ‘आळशी झाली, पळत नाही’ म्हणून आलेल्या पोरींत रक्त कमी असलेल्याच जास्त निघतात. याबद्दल प्रशिक्षकाशी तिच्या आईनं बोलावं, आणि प्रशिक्षकानं न लाजता ऐकावं.

उषाचा ५५.४२ हा राष्ट्रीय विक्रम गाठायला किती वेळ लागला, असं पोरी विचारतात. २०२३ला हांगझोऊ एशियाडमध्ये तमिळनाडूची विद्या रामराज पात्रता फेरीत पळाली, वेळ आला ५५.४२. शतांशापर्यंत तोच. एकोणचाळीस वर्षांनी बरोबरी. अंतिम फेरीत ५५.६८ आणि कांस्य. तिची जुळी बहीण नित्या १०० मीटर हर्डल्स पळते; एकाच घरातल्या, एकाच वयाच्या, आणि प्रकार वेगळे.

क्रीडाशिक्षकांवर रागावू नका, त्यांच्याकडं एका मैदानात शंभर पोरं असतात. त्यांना एवढंच विचारा: ती कुठला पाय पुढं टाकते, दुसऱ्या पायानं घेता येतो का, आणि पहिल्या हर्डलपर्यंत तिची पावलं किती पडतात. तिन्हींची उत्तरं त्यांच्याकडं असतील तर मुलगी त्यांच्याच हाती ठेवा. नसतील तर एका रविवारी सकाळी तिला घेऊन विभागीय क्रीडा संकुलावर या, येताना तिचे रोजचेच बूट घालून या. नवे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, आत्ता घेऊ नका.